पन्नास खणांचं कपाट

रेडिओ केंद्राच्या नव्या इमारतीत मास्तरांसाठी एक लोखंडी कपाट मंजूर झालं होतं आणि त्याला खण होते पन्नास. मास्तरांची ध्वनिमुद्रणं होती दोनशे बारा. कपाट मंजूर करणाऱ्याला गाण्यांची संख्या माहीत नव्हती आणि गाणी रचताना मास्तरांना कपाटाची मापं माहीत नव्हती. दोघांपैकी मास्तर वारलेले असल्यामुळे दुरुस्ती त्यांच्या बाजूने करायची, असं ठरलं.

केंद्राने 'मास्तर रसिक मंडळा'ला तसं पत्र पाठवलं. सर्वोत्कृष्ट पन्नास ध्वनिमुद्रणांची क्रमवारी महिनाअखेरपर्यंत सादर करावी. उर्वरित एकशे बासष्ट निर्लेखित, म्हणजे नोंदीतून कमी, करण्यात येतील. निर्लेखित झालेल्या फितींचं पुढे काय होतं, हे पत्रात नव्हतं. ज्या सभासदांनी सरकारी नोकरी केली होती ते हा शब्द ऐकून गप्प झाले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुंजबाई गप्प झालेल्यांपैकी. एकतीस वर्षं त्या वजनमापे निरीक्षक होत्या. तराजूत गुंजभर फरक आढळला तरी माप जप्त करायच्या, म्हणून बाजाराने त्यांना हे नाव ठेवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते त्यांच्यासोबत घरी आलं होतं. मास्तरांच्या गाण्यांत त्यांना फारसा रस नव्हता. त्यांना रस होता तो फक्त फीत क्रमांक एकशे सतरामध्ये. त्या गाण्यात मागे कोरस होता, कोरसात अकरा बायका होत्या आणि त्या अकरांत गुंजबाईंची ताई होती.

गाणं रेडिओवर एकदाच लागलं, तेव्हा गुंजबाई कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब मोजत होत्या. पुन्हा लागेल तेव्हा ऐकू, असं म्हणाल्या. ते पुन्हा लागलं नाही. पुढे ताई गेली, तेव्हा तिची मुलगी सहा वर्षांची होती. त्या दिवशी गुंजबाईंनी घरातला रेडिओ बंद केला, त्याला वीस वर्षं झाली. ती सहा वर्षांची भाची आता नोकरीला लागली होती आणि पत्राची बातमी कळल्यापासून तिने मावशीच्या मागे टुमणं लावलं होतं.

"मावशी, माझ्याकडे आईचे फोटो आहेत, साड्या आहेत, तिच्या अक्षरातली वाण्याची यादीसुद्धा आहे. आवाज नाही. मला ती काही म्हणताना आठवतच नाही गं."

"अकरा जणी आहेत त्यात."

"मग? तुला ओळखू येईल की नाही?"

"येईल," गुंजबाई म्हणाल्या. "ओळीच्या शेवटी ती जराशी मागे राहायची. घरी सराव करतानासुद्धा. आई म्हणायची, पोरीला गाणं सोडवत नाही."

"मग वाचव ते. कसंही करून."

"कसंही करून नाही," गुंजबाई म्हणाल्या. "पद्धतशीर."

मंडळाची सभा रविवारी सकाळी अध्यक्षांच्या दवाखान्यात भरली. अध्यक्ष दंतवैद्य होते. प्रतीक्षालयात बारा खुर्च्या होत्या आणि भिंतीवर दाढेचा उभा छेद दाखवणारं मोठं चित्र होतं, त्यामुळे सभेत कुणी फार वेळ तोंड उघडं ठेवत नसे. त्या दिवशी मात्र ठेवलं. मंडळात 'आधीचे मास्तर' आणि 'नंतरचे मास्तर' असे दोन पक्ष होते. पहिल्या पक्षाच्या मते मास्तर पस्तिशीनंतर संपले. दुसऱ्याच्या मते ते पस्तिशीपर्यंत सुरूच झाले नव्हते. दोन्ही मतं एकत्र केली तर मास्तर झालेच नव्हते असं निघत होतं, पण ती बेरीज कुणी केली नाही.

"आधीचे मास्तर म्हणजे नुसती साखर!" चिटणीस ओरडले. ते न्यायालयात टंकलेखक होते आणि हळू आवाजात बोललेलं त्यांना कायद्याने ग्राह्य वाटत नसे.

"साखर?" अध्यक्ष उठले. "साखरेबद्दल तुम्ही मला सांगताय? मला?"

एवढ्या गोंधळात मंडळातला नळवाला, जो सभेत कधी बोलत नसे, मागच्या खुर्चीवरून म्हणाला, "साहेब, एकेक गाणं लावून ऐकू या का? दोनशे बाराच तर आहेत. आठवड्यात होतील."

सगळे त्याच्याकडे वळून पाहू लागले. हा माणूस सिंकखाली आडवा पडूनसुद्धा मास्तरांची गाणी म्हणतो, अख्खी अंतऱ्यांसकट, हे सर्वांना ठाऊक होतं. त्यामुळे त्याच्या मताला फारसं वजन नव्हतं.

"ऐकून कधी निर्णय होतो का?" चिटणीस म्हणाले. "ऐकलं की आवडतं. मग संपलंच सगळं."

हीच वेळ साधून गुंजबाई उठल्या. मोजमापाशिवाय तुलना म्हणजे नुसतं भांडण, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि पिशवीतून एक तक्ता काढला. पाच निकष, प्रत्येकाला वीस गुण: शब्द, चाल, ध्वनिमुद्रणाची स्वच्छता, समूहाचा सहभाग आणि एकंदर प्रभाव. समूहाच्या सहभागाला वीस गुण का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. कुणी विचारलं नाही. ज्याला रकाने आहेत त्याला विचारायचं काय?

पहिल्या आठवड्यातच एक भानगड निघाली. एका सभासदाने फीत क्रमांक नऊला पाचही निकषांत पूर्ण गुण दिले होते. चौकशीअंती कळलं की ते गाणं लागलेलं असताना त्याचं लग्न ठरलं होतं. प्रकरण तातडीने सभेपुढे आलं.

"हा उघड हितसंबंध आहे," अध्यक्ष म्हणाले.

"पण बायको सोडून गेली हो त्याची," कुणीतरी बाजू मांडली.

"मग गुण कमी द्यायला हवे होते. त्याने तेही केलं नाही!"

यावर चिटणीसांनी हितसंबंध घोषणापत्राचा मसुदा मांडला. गाण्याशी नातं, आठवण, प्रेम, दुःख, प्रवास, आजारपण किंवा पाऊस यांपैकी काही निगडित असल्यास सभासदाने ते जाहीर करावं आणि त्या गाण्याला गुण देऊ नयेत. मसुदा एकमताने मंजूर झाला. त्याचा परिणाम इतकाच झाला की जी गाणी सर्वांना आवडत होती त्यांना गुण द्यायला कुणी उरलं नाही. त्यांच्यापुढे निरंक असा शेरा पडला आणि ती यादीच्या तळाशी गेली. वरच्या जागांवर ज्यांच्याशी कुणाचं काही देणंघेणं नव्हतं अशी गाणी आली. निकाल निःपक्षपाती आहे, यावर दोन्ही पक्षांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

गुंजबाईंनीही घोषणापत्र भरलं. फीत एकशे सतरापुढे 'कलावंतांशी नातं' असा रकाना होता. त्या पेन उघडून बराच वेळ बसल्या. केंद्राच्या नोंदवहीत मुख्य गायिकेचं नाव होतं आणि खाली 'कोरस: अकरा स्त्रिया' एवढंच होतं. ताईचं नाव कुठेच नव्हतं. म्हणजे कागदोपत्री नातं नव्हतं. जे कागदावर नाही ते त्यांनी एकतीस वर्षं कधी मानलं नव्हतं. त्यांनी 'नाही' लिहिलं, सही केली आणि शाई वाळेपर्यंत हात कागदावर धरून ठेवला. हाताखाली माप धरून ठेवणारे दुकानदार त्यांनी पुष्कळ पकडले होते.

घोषणापत्रांनी प्रश्न सुटेल अशी अपेक्षा होती. पण चिटणीसांनी पुढच्याच सभेत मूळ मुद्द्याला हात घातला. आठवणी येतात कुठून? ऐकण्यातून. म्हणजे दोष आठवणीत नाही, श्रवणात आहे. जो ऐकतो तो बाधित होतो. तेव्हा गुण देणारा माणूस श्रवणबाधित नसावा.

"कायमचा बाधित?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमच्या खात्यात कागदपत्रं दहा वर्षांनी नष्ट करतात," गुंजबाई म्हणाल्या. "तोच नियम लावता येईल. दहा वर्षांपूर्वी ऐकलेलं न ऐकलेलं समजावं."

ही अट पूर्ण करणारे सभासद मिळणं अवघड जाईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात पाचही पदाधिकारी पात्र ठरले.

"मला वेळ कधी मिळणार?" अध्यक्ष जरा ओशाळून म्हणाले. "दवाखान्यात मशीनचा आवाज, घरी मंडळाच्या कामाचे फोन. वर्षाला दोन विशेषांक, एक अधिवेशन. मास्तरांसाठी इतकं करायचं म्हटलं की मास्तर ऐकायचे राहूनच जातात."

गुंजबाई कार्यकारिणीत होत्याच आणि वीस वर्षं रेडिओ बंद असल्यामुळे त्यांची पात्रता सर्वांत भक्कम होती. बाद झाले ते साधे सभासद. नळवाल्याला तर मूल्यमापनाच्या काळात दवाखान्याच्या जिन्यावर यायलाही मनाई झाली, कारण तो येताना गुणगुणत असे आणि त्याने समिती बाधित होण्याचा धोका होता.

"बाई," जिन्याखालूनच तो गुंजबाईंना म्हणाला, "रागावू नका, पण न ऐकता गाण्याला गुण देणार कसे?"

"कागदपत्रांवरून," गुंजबाई म्हणाल्या.

"असं होय," तो म्हणाला. मग खांद्यावरचा पाना सावरून, दुसऱ्या इमारतीत पोचेपर्यंत तोंड बंद ठेवून निघून गेला.

केंद्राच्या नोंदवहीत प्रत्येक फितीचा कालावधी होता, वादकांची आणि गायकांची संख्या होती आणि ध्वनिमुद्रण अभियंत्याचा शेरा होता. एवढ्यावर चार निकष व्यवस्थित भागत होते. आधी निरंक ठरलेली गाणी निरंकच ठेवायची होती. प्रश्न होता एकंदर प्रभावाचा. न ऐकलेल्या गाण्याचा प्रभाव बाकीच्या चौघांनीही विवेकबुद्धीला स्मरून वीसपैकी दहा असा धरला. एकशे सतराला गुंजबाईंनी वीसपैकी वीस दिले.

बेरजा त्यांनीच केल्या, दोनदा तपासल्या. एकशे सतरा पन्नासाव्या क्रमांकावर आली होती, अर्ध्या गुणाने. त्यांनी भाचीला फोन केला.

"वाचली."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "कधी ऐकायला मिळेल गं?"

"कपाट लागू दे," गुंजबाई म्हणाल्या.

पहिला क्रमांक फीत चौऱ्याऐंशीला मिळाला होता. त्यांची नजर तिथे गेली ती सवयीने. अभियंत्याचा शेरा असा होता: 'स्वर अत्यंत स्थिर. आरंभापासून अखेरपर्यंत तीळभरही ढळलेला नाही. पार्श्वभूमी स्वच्छ. शब्ददोष नाही. वादक: शून्य. कालावधी: तीन मिनिटं.' चाल आणि स्वच्छता या निकषांत पूर्ण गुण. शब्दांतही पूर्ण, कारण दोष दाखवायला शब्दच नव्हता. असा शेरा गुंजबाईंनी माणसाच्या गळ्याबद्दल कधी वाचला नव्हता. काचेखाली ठेवलेल्या प्रमाण वजनांबद्दल वाचला होता.

दुसऱ्या दिवशी त्या केंद्रात गेल्या. भांडारपाल खोक्यांच्या मधोमध स्टुलावर बसून फितींची नावं खोडत होता. त्याने चौऱ्याऐंशी लावली. यंत्रातून आवाज आला: टूं... आणि तीन मिनिटं तो तसाच राहिला.

"सेकंदाला एक हजार कंपनं," गुंजबाई म्हणाल्या. "हे गाणं नाही. यंत्र जुळवायचा चाचणी-स्वर आहे."

"असेल. मास्तरांच्या खोक्यात होती, म्हणून मास्तरांची," भांडारपाल म्हणाला. "आलाच आहात तर दुसरी एखादी लावू? एकशे सतरा वर काढून ठेवलीय, पन्नासातली म्हणून. ही बघा, हाताशीच आहे."

ती खरंच हाताशी होती. पुठ्ठ्याचं चौकोनी खोकं, कोपऱ्यावर पिवळी चिकटपट्टी.

"नको," गुंजबाई म्हणाल्या. "मी श्रवणबाधित होईन."

"आणि आत्ता जे ऐकलंत ते?"

"ती तपासणी होती."

घरी येऊन त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. चाचणी-स्वर यादीतून काढला तर एकशे सतरा एक पायरी वर सरकून एकोणपन्नासावी येईल. पण तो चाचणी-स्वर आहे हे सभेत सांगायचं तर ऐकलं हे कबूल करावं लागेल. कबूल केलं की त्यांचे सगळे गुण बाद. त्यांचे गुण बाद झाले की एकशे सतरा थेट एकसष्टाव्या क्रमांकावर. हिशेबात चूक नव्हती. त्यांनी तो पुन्हा केला, कारण चूक निघाली असती तर बरं झालं असतं. मग कागदाची घडी करून त्या स्वयंपाकाला लागल्या. ज्या बाईने गुंजभर कमी भरलं म्हणून माणसांची दुकानं बंद केली होती, तिने अख्खा तराजू डोळ्यांआड केला.

क्रमवारी जाहीर करण्याचा सोहळा केंद्राच्या सभागृहात सकाळी अकरा वाजता झाला. समितीचं काम संपलेलं असल्यामुळे ऐकण्यावरची बंदी तीन मिनिटांसाठी उठवण्यात आली आणि अध्यक्षांनी गंभीर आवाजात जाहीर केलं, "मास्तरांची सर्वश्रेष्ठ रचना."

टूं...

पहिलं मिनिट सगळे गाणं सुरू होण्याची वाट पाहत राहिले. दुसऱ्या मिनिटाला काहींच्या लक्षात आलं की शेजारचा माणूस मान डोलावतोय, मग त्यांनीही डोलावली. तिसऱ्या मिनिटाला 'आधीच्या' पक्षातल्या एका म्हाताऱ्याने रुमाल काढला.

"ठेहराव बघा," चिटणीस कुजबुजले. "काय ठेहराव आहे!"

"नंतरचे मास्तर," मागून कुणी म्हणालं. "शब्दांच्याही पलीकडे गेलेले."

"छे हो, आधीचेच. हा जोर पस्तिशीनंतर येतो का?"

"मला फार ओळखीचं वाटतंय," अध्यक्ष हेलावून म्हणाले. "जणू रोजच ऐकतो." त्यांचा एक जुना रोगी तिसऱ्या रांगेत गाल धरून बसला होता.

नळवाला तेवढा भिंतीशी उभा राहून हसत होता. त्याला बाहेर जायला सांगण्यात आलं.

टाळ्या ओसरल्यावर भांडारपालाने केंद्रातर्फे दोन सूचना वाचल्या. पहिली: निवडलेली पन्नास ध्वनिमुद्रणं अमूल्य ठेवा असल्याने कपाटाला मोहोर लावण्यात येत आहे. प्रत्येक वेळी वाजवल्याने फीत झिजते, सबब ती यापुढे वाजवली जाणार नाहीत. दुसरी: निर्लेखित एकशे बासष्ट फिती बाहेर पोत्यांत ठेवल्या आहेत. ज्याला हवी त्याने ती घरी न्यावी, वाजवावी, केंद्राची हरकत नाही.

गुंजबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. भाची दाराशी उभी होती. बाहेर पोती उघडली गेली आणि माणसं खोकी उचलू लागली. जी गाणी कुणालाही आवडत होती ती सगळी निरंक होऊन त्या पोत्यांत पडली होती. नळवाल्याने सात-आठ काखोटीला मारली होती आणि तो कुणाला तरी कुठली कशी आहे ते गाऊन दाखवत होता.

भाची धावत आत आली. "मावशी, एकशे सतरा कुठल्या पोत्यात आहे गं?"

"कुठल्याच नाही," गुंजबाई म्हणाल्या. "ती निवडली गेली."

"म्हणजे... ऐकायची नाही? कधीच?"

"मी सांगितलं असतं तर एकसष्टावी आली असती," गुंजबाई स्वतःशीच म्हणाल्या.

"काय सांगितलं असतं?"

त्या उठून भांडारपालाकडे गेल्या. भांडारपाल वाईट माणूस नव्हता. त्याने नियम काढून दाखवला: कलावंताच्या सख्ख्या नातेवाइकाला अर्ज केल्यास वर्षातून एकदा कपाट उघडून फीत ऐकवता येते.

"मी सख्खी बहीण आहे," गुंजबाई म्हणाल्या. "आणि ही मुलगी."

भांडारपालाने फाइल उघडली आणि एक कागद त्यांच्यापुढे सरकवला. फीत एकशे सतरा, कलावंतांशी नातं: नाही. सही त्यांचीच होती. अक्षर स्वच्छ होतं.

"तुमच्यासारख्या बाईंची सही म्हणजे खोटी कशी म्हणू?" तो म्हणाला.

भाचीने तो कागद वाचला. दोनदा वाचला. मग तिने मावशीचा दंड धरला, जरा जास्तच घट्ट, आणि तिला उन्हात घेऊन गेली.

नंतर गुंजबाईंनी अपील केलं. घोषणापत्र खोटं होतं, अशी लेखी कबुली दिली. मंडळाने ती दाखल करून घेतली आहे. पण सुनावणीला एक अडचण आहे. समितीतले पाचही जण त्या सोहळ्यात तीन मिनिटांसाठी श्रवणबाधित झाल्यामुळे निर्णय द्यायला अपात्र ठरले. आता बाहेरचा पंच हवा. मास्तरांचं एकही गाणं त्याने दहा वर्षांत ऐकलेलं नसावं. एकशे सतरामधलं गाणं कशावर आहे, त्याचा मुखडा काय, हे त्याला ठाऊक नसावं आणि विचारावंसं वाटलेलंही नसावं. तरीसुद्धा ते कपाटात असावं की पोत्यात, याबद्दल त्याचं मत अगदी पक्कं असावं.

असा माणूस मिळणार कुठे, या काळजीत चिटणीस होते. तुम्ही इथपर्यंत वाचत आलात, हे त्यांना आजच कळवलं आहे. अर्ज सोबत जोडला आहे. सही खाली डावीकडे करायची आहे.